खंजिराची खूण

मेलेल्या शब्दाच्या आधी
कोशात एक बारीकसा खंजीर छापतात.
असले खंजीर माझ्या वडिलांनी
एकतीस वर्षं तपासले,
बेरिकमधल्या नदीकाठच्या दुमजली घरात,
धुरावलेल्या हेरिंगच्या वासात,
पेन्सिल ब्लेडने तासत.
चिठ्ठ्यांची खोकी पोस्टाने यायची, पोस्टाने जायची.
घरात बूट कमी,
बुटांची खोकी फार.

एकदा, मी आठ वर्षांची, अंगात ताप,
दचकून उठले. ड्रीम पडलं, म्हणाले.
त्यांनी कपाळावर हात ठेवला
आणि मुद्रितातली चूक दाखवावी तसं म्हणाले,
ड्रीम नाही गं.
पडलं ते स्वेव्हन.

ड्रीम म्हणजे पूर्वी गलका.
लांबच लांब लाकडी दालन, मधोमध जाळ,
मधाची दारू,
कुणीतरी तारा छेडतंय, सुरात नाही पण जोरात,
बाकं सरकतायत,
कुत्री हाडावरून भांडतायत,
बाहेर बर्फ.
ते ड्रीम. उघड्या डोळ्यांनी, चारचौघांत.

आणि स्वेव्हन एकटीदुकटी,
मिटल्या पापणीआड येणारी,
पायात चपला न घालणारी बाई.

मग?

मग ड्रीम तिच्या घरात
पोटभाडेकरू म्हणून शिरलं.
उत्तरेच्या होड्यांतून आलेल्या
त्याच्याच एका नावबंधूची फूस होती म्हणतात.
करारनामा कुणी पाहिलेला नाही.
हळूहळू मालकीण बाहेर,
आणि दारावर खंजीर.

तिची एक लांबची बहीण
अजून नांदते आहे, म्हणाले, दूर पूर्वेला.
रोज रात्री कामावर जाते.
त्यांनी तिचं नाव उच्चारून पाहिलं, स्वप् आणि न
यांच्यामध्ये थोडे अडखळून,
पाहुण्यांच्या उंबऱ्यावर अडखळावं तसे.

मला तापातही दुसरीच काळजी.
ड्रीमच्या जुन्या घरात आता कोण राहतं?

पेन्सिल कानावर गेली.
बराच वेळ खाली नदीचाच आवाज.
कोणी नाही, म्हणाले.
आनंद एकीकडे राहतो, आवाज दुसरीकडे.
दोघांचं मिळून जे घर होतं
ते राहिलं नाही.

आता ते एक्क्याण्णव वर्षांचे,
कड्यावरच्या शुश्रूषागृहात, खोली सहा.
शब्द सोडून चालले आहेत,
आणि गंमत अशी की धडधाकट आधी गेले.
चमचा गेला. गुरुवार गेला.
मार्चमध्ये कधीतरी मी गेले.
खंजीरवाले मात्र सगळे जागच्या जागी,
न्याहारीला वेळेवर हजर.

रात्रपाळीची इफुआ रोज सकाळी विचारायची,
मिस्टर पर्व्हिस, ड्रीम बरं पडलं ना?
ते भिंतीकडे वळायचे.
रागावतात का माझ्यावर, तिने मला फोनवर विचारलं.
मी तिला जुना शब्द सांगितला.
तिने तो हातावर बॉलपेनने लिहून घेतला,
इन्सुलिनच्या वेळांखाली.

दुसऱ्या दिवशी ते तिच्याशी बोलले.
स्वेव्हन येत नाही, म्हणाले.
किती रात्री झाल्या,
कोरी चिठ्ठी.

शुक्रवारी मी तिथेच होते.
खाली स्वयंपाकघरात कुणाचा तरी निरोपसमारंभ,
कपबशांचा ट्रे पडला
आणि दहा-बारा माणसं एकदम हसली,
एक बाई तर हसता हसता खोकायला लागली,
कुणीतरी पातेल्यावर पळीने ठेका धरला.
माफ करा हं, म्हणत इफुआ दार लावायला उठली.

वडिलांनी एक बोट वर केलं.
तेच,
ज्याने जन्मभर स्वल्पविराम उडवले.

राहू दे.

तिने माझ्याकडे पाहिलं.
मी खुर्ची जराशी मागे ओढली,
त्यांच्या चांगल्या कानाच्या आणि दाराच्या
मध्ये येत होती.