तिसावं पाकीट

इंदूरला, पालद्याच्या कारखान्यात,
लसणाच्या शेवेचा वास कीबोर्डच्या कळांतही शिरलाय.
दर तासाला तीन नंबरच्या मशीनवरून
तीस पाकिटं माझ्या टेबलावर येतात.
छापील वजन दोनशे ग्रॅम.
एकशे शहाण्णव. दोनशे सात. एकशे नव्याण्णव.
काट्याचा आकडा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास धरते,
मग बी रकान्यात उतरवते.

छाजेडसेठ डोकावतात.
"ॲव्हरेज क्या आया, ताई?"
दोनशे पूर्णांक एक.
"बढ़िया!" म्हणत चहाकडे वळतात.
सरासरी कुणी घरी नेत नाही, सेठ,
नेतात ते हाती आलेलं पाकीट.
पण हे मी मनात म्हणते.

खालच्या चौकोनात
बरोबरचं चिन्ह, एसटीडेव्ह, टिंब, एस,
कंस, बी दोन ते बी एकतीस, कंस पुरा, एंटर.
चार पूर्णांक सहा.
पॉलिटेक्निकात याच उत्तराला दोन पानं लागायची
आणि वर बाईंची लाल शाई:
प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर, त्याचा वर्ग,
म्हणजे कुणाच्या जास्तीनं कुणाचं उणं झाकलं जाऊ नये;
बेरीज; तिला एकोणतिसाने भाग;
मग वर्गमूळ.

"पाकिटं तर तीस. एक कुठे गेलं?"
नवा पोरगा, शार्दूल, विचारतो.
हे बघ, सरासरी याच तिसांतून काढली ना?
आता एकोणतीस जणांनी कसंही वागावं,
तिसाव्याला मोकळीक नाही.
बेरीज जुळेल तेवढंच त्यानं भरायचं.
"मग त्याला मोजायचंच कशाला?"

काटा रिकामा होता.
तरी मी त्याच्याकडेच बघत राहिले.

आम्ही पाच भावंडं.
शशांक मेलबर्नला, सुलू भुसावळला,
विजूनं दोनदा धंदा बुडवला,
कुंदानं कुणाला न विचारता लग्न केलं
आणि छान केलं.
रामबागेतल्या दोन खोल्यांत
आईचं इन्सुलिन सकाळी सातला
मी टोचते.
कुणी बसून ठरवलं नव्हतं.

चारच्या सुमारास मिस्त्रीनं मशीनचा एक स्क्रू
अर्धा फेरा आवळला.
पुन्हा तीस पाकिटं, पुन्हा तोच चौकोन:
एक पूर्णांक नऊ.
"कम हो गया?" सेठ दचकले.
कम ही अच्छा है, म्हटलं, आणि सही केली.

निघताना कडेला फाटलेलं एक पाकीट
शार्दूलनं माझ्या पिशवीत टाकलं.
त्याचं वजन
मी केलं नाही.