भाडेपावती

टिळक रोडला, शिंगवी सरांच्या ऑफिसात
मी लोकांची विवरणपत्रं भरते.
नव्या कायद्याचा मसुदा आल्यापासून फोन खाली ठेवता येत नाही.
मॅडम, विम्याचा हप्ता भरू की राहू दे?
मॅडम, घराच्या व्याजाचं काय?
धायरीच्या एका गृहस्थांनी विचारलं,
मुलीचं लग्न मार्चच्या आत उरकलं तर काही सुटतं का.
मी म्हणते, थांबा, अजून मसुदाच आहे.
थांबा म्हणायचे पैसे सर लावत नाहीत.

रात्री ओटा पुसून झाल्यावर
आमच्याच घराचं कोष्टक उघडलं.
डावीकडे जुनी पद्धत, उजवीकडे नवी.
एकेक सवलत खोडत गेले.
हर्षलचा विमा. मुक्ताची फी.
मग घरभाडे.
तेही खोडलं.
खाली आकडा आला: वर्षाला नऊ हजार दोनशे फायदा.
पुन्हा बेरीज केली.
फायदाच.

घर सांगवीचं, सासऱ्यांच्या नावावर.
पिंपरीच्या औषध कंपनीत त्यांची चौतीस वर्षं;
आधी कंपनी आजारी पडली, मग हे रिटायर झाले.
पेन्शन दोन हजार तीनशे अठरा.
हर्षल हातावर पैसे ठेवायचा,
ते सकाळी परत टेबलावर, वर पेपरवेट.
"मुलाकडून खर्ची घ्यायला मी काय कॉलेजात आहे?"

तेव्हा मीच सुचवलं होतं, भाडं घ्या म्हणून.
कायद्यात बसतं, शिवाय करही वाचतो.
दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले,
"खोटी पावती माझ्याकडून मिळणार नाही.
घेईन तर खरंच घेईन,
आणि माझ्या विवरणपत्रात दाखवीन."

सात वर्षं झाली.
दर एक तारखेला आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून
ते जेवणाच्या टेबलाशी बसतात.
पैसे बँकेतून आलेले असतात, तरी पासबुक उघडून बघतात.
तिकिटाला जीभ लावत नाहीत, वाटीत पाणी घेतात.
सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर,
पूर्ण नावाची: विश्राम नरहर कुंभोजकर.
हर्षल समोर उभा.
"मिळाले."
"बरं."
बापलेकांचं महिन्याचं बोलणं एवढंच.

बाथरूमचा नळ गळला तर प्लंबर तेच बोलावतात,
मालक म्हणून.
डासांच्या जाळ्या, मालक म्हणून.
एकदा मला म्हणाले, भाडेकरूंची काही तक्रार?
मी म्हटलं, मिक्सरच्या वर उजेड कमी पडतो.
संध्याकाळी स्टुलावर चढून स्वतः दिवा लावला,
गुडघा दुखत असताना.
मुक्ताची सायकल त्याच भाड्यातली,
दिवाळीत माझ्या हातात पडलेलं पाकीटही.
पैसे घरातल्या घरात फिरतात, रवीसारखे.
लोणी कुठल्या रकान्यात दाखवायचं
हे सरांना अजून विचारलेलं नाही.

हर्षलला आकडा सांगितला.
म्हणाला, वा, वर्षाचा गॅस निघाला की.
मग बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"आणि पावती?"
मी लॅपटॉप मिटला.

आज एक तारीख.
पेपरातली बातमी त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केलीय.
सदरा मात्र इस्त्रीचाच. वाटीत पाणी.
चष्म्यावरून बघत विचारलं,
"सूनबाई, हे भाडं आता बेकायदा का?"
"बेकायदा नाही हो. बिनफायद्याचं."
हसले नाहीत.
एक तिकीट फाडलं, सावकाश, दात्यांवरून.
राहिलेली मोजली. एकवीस.
"एवढी संपेपर्यंत तरी देत जा म्हणावं त्याला.
पोस्टात परत घेत नाहीत."