श्री. चंपक उपारी यांस

वडगावात ज्या गल्लीत अजून माग वाजतात
तिथं सायकल थांबवली की आधी पायाखालची फरशी थरथरते,
मग चंपाक्काचा आवाज.
"काय आणलास रे, परशा?"
"बक्षीस लागलंय म्हणं तुला. मलेशिया.
तीन रात्री, चार दिवस, दोघांसाठी. फुकट."
"दोघं कोण?" म्हणाली,
आणि खट्कन माग बंद केला.

पाकीट मी बोटांनीच ओळखलं होतं.
एकतीस वर्षं टपाल वाटलंय:
लग्नाचं एका कोपऱ्यात जड असतं, अक्षतांमुळं,
कोर्टाचं ताठ, बँकेचं खिडकीवालं,
आणि हे असं गुळगुळीत, सोनेरी शिक्क्याचं,
पाठवणाऱ्याच्या जागी नुसता पेटी क्रमांक.

नाव: श्री. चंपक उपारी.
पत्ता: वडगाव, बेळगाव, महाराष्ट्र.

आक्का हसत सुटली. "बघ की,
इतकी वर्षं मोर्चे, कोर्ट, बोर्डांवर डांबर,
आणि ह्या बाबानं एका ओळीत काम उरकलं!
खरं मला बाप्या कशाला केला?"

पत्ता त्यांना कुठून मिळाला, तेही तिनंच सांगितलं.
दिवाळीआधी प्रदर्शनात मिक्सर बघूलती,
एका पोरीनं चिठ्ठी पुढं केली, "नुसतं नाव घाला, मावशी,"
आणि चिठ्ठ्यांच्या पेटीला कुलूपच नव्हतं.

मागच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
नोंदणीचे चार हजार आठशे पन्नास,
सात दिवसांच्या आत, नाहीतर हक्क गेला.
"जेवायला बोलवून ताटाचं भाडं मागतोय," आक्का म्हणाली,
"हा वाढणार कधी?"

मी मान हलवली.
तिला बोललो नाही ते असं, की
नोकरीच्या चौथ्या वर्षी एक पाकीट मलाही आलं होतं.
काश्मीर. शिकाऱ्यात बसलेलं जोडपं.
नऊशे रुपयांची मनीऑर्डर मी आमच्याच ऑफिसात केली.
गुरुसिद्दाप्पानं फॉर्म वाचला, माझ्याकडं बघितलं,
शिक्का मारला.
पुढं वर्षभरानं, चहा पिताना, एवढंच म्हणाला,
"होगली बिडो."
पावती विम्याच्या कागदांखाली आहे.
शकूला सांगितलं, यंदा तिकडं बर्फ फार पडलंय.
पुढचे तीन हिवाळे तेच सांगितलं.

आक्कानं पोस्टकार्ड मागितलं.
ती सांगत गेली, मी लिहीत गेलो:
सा. न. वि. वि.
तुमचे चार हजार आठशे पन्नास बक्षिसातनंच कापून घ्या.
एक रात्र कमी करा.
दोघांतला एक वारलाय, त्याचंही कापा.
उरलेलं मलेशिया टपालानं पाठवा. कळावे.
सही तिची. खाली, ठळक: बाई.

तेविसाव्या दिवशी कार्ड परत आलं.
घेणारा सापडत नाही.
चष्मा लावून तिनं शिक्के मोजले, चार,
एक दिल्लीचा, एक पार पुसलेला.
"मी सौंदत्तीच्या पुढं कधी गेले नाही,
खरं माझी सही दिल्ली बघून आली, परशा.
पन्नास पैशांत."
आणि कार्ड आरशाच्या मागं खोचून
परत मागावर बसली.

त्या रात्री जेवताना मी पावती काढून शकूपुढं ठेवली.
तिनं ती उलटीसुलटी केली नाही, वाचलीही नाही.
गुरुसिद्दाप्पाची बायको त्याच आठवड्यात नळावर बोलली होती म्हणे.
आमटी वाढता वाढता म्हणाली,
"मग? थांबलं काय बर्फ?"