नाव न घेता

नार्व्याच्या धक्क्याला फेरी लागते तेव्हा
कोण कुणाच्या मागोमाग उतरलं
हे पोसऱ्यावरच्या गुणोबाबना आधी कळतं,
मग त्या दोघांना.

मी तेव्हा जर्मन शिकवायचे,
परदेशी नर्स व्हायला निघालेल्या मुलींना.
विभक्ती, प्रत्यय, जखमांची नावं.
फावल्या वेळी एकटीच उलटी जायचे, आठशे वर्षं मागे,
जिथे सरदार गातात
आणि जिच्यासाठी गातात तिचं नाव मरेपर्यंत सांगत नाहीत.
भिंतींना कान असतात म्हणतात;
तिथल्या भिंतींना डोळेही.
त्या डोळ्यांसाठी त्यांच्याकडे खास शब्द: मेर्केर.
टिपून ठेवणारे.
मी कोश मिटला. खिडकीसमोर सोप्यावर
इंद्रावतीमावशी तांदूळ निवडत होती,
तांदळाकडे न बघता.

त्या गाण्यांत शेवटी उजाडतंच.
बुरुजावरचा पहारेकरी हाक देतो,
ऊठ, नीघ, आता दिसेल सगळ्यांना.
गढीचं मीठ खाणारा, आणि हाक चोरांसाठी?
मला खोटं वाटायचं.

मग ते वर्ष आलं.
नाव न घेता एवढंच सांगते,
व्हाळाकडच्या दाराच्या कडीला मी खोबरेल लावलं होतं.
पहाटे पोदेर मिंगेल सायकलवरून यायचा.
त्याचा भोंगा अख्ख्या गावाला एकदा,
आमच्या माडांपाशी दोनदा.
दोन उंडे जास्त काढून ठेवायचा.
पैसे मात्र चारांचेच घ्यायचा, चोख.

गावाला कळलं नाही असं कसं होईल?
पण गाव ओरडलं नाही.
हळदीकुंकवाचं बोलावणं उशिरा आलं,
मग आलंच नाही.
"तुझ्या आईसाठी वाईट वाटतं गो."
गाण्यांतही तलवार कुणी उपसत नाही,
लोक काय म्हणतील म्हणतात
आणि म्हणता म्हणता लोक होतात.

तो गेला. फेरीनेच, भर दुपारी,
सगळ्यांना दिसेल असा.

आता सोप्यावर मी बसते.
नवा चष्मा, लांबचं लख्ख दिसतं.
काल तिन्हीसांजेला समोरची धाकटी
कुणाच्यातरी स्कूटरवरून वळणाअलीकडेच उतरली,
ओढणी सारखी करत तिथेच रेंगाळली.
नंबर मी वाचला.
पाठही झाला.
तेवढ्यात धक्क्याकडून काठी टेकत
गुणोबाब येताना दिसले.

मी मोठ्याने खोकले.
दोनदा.