अंगठ्याखालचं

राजारामपुरी, अकरावी गल्ली.
दारातल्या चपलांमधून वाट काढत तळघरात उतरलं
की माझं दुकान. चार टीव्ही, फाटक्या गाद्यांच्या खुर्च्या,
तासाला वीस रुपये.
कंट्रोलर सोळा, पैकी नऊ चालू.
एकाची डावी काडी आपोआप वर सरकते,
एकाचं बटण चिकटतं, कारण मुजम्मिलनं
कटवड्याच्या हातानं अख्खी फायनल काढली होती.
रात्री शटर ओढून मी ते उघडतो, स्पिरिटनं पुसतो.
आत रबराचं इवलंसं टोपण असतं,
दाबलं की दबतं, सोडलं की परत येतं.
माझा सगळा धंदा त्या परत येण्यावर.

त्या दिवाळीत खोक्यातून कॅमेरा निघाला.
विकणारा म्हणाला, आता हातात काही धरायचंच नाही,
तुम्हीच कंट्रोलर.
पोरं टीव्हीसमोर उभी राहिली
लग्नात फोटोला उभं केल्यागत.
हातांचं काय करायचं, कळेना.

मग रणधीरनं बॅट फिरवली, म्हणजे नुसताच हात,
आणि ट्यूबलाइट फुटली.
"सिक्स हाय की!" कोण तरी ओरडलं.
पडद्यावर तो बाद झाला होता.
हात फिरून झाल्यावर जराशानं फिरली होती तिथली बॅट.
त्या जराशावरनं आठवडाभर भांडणं.
घामच गाळायचा तर तालीम काय वाईट,
तिथं समोरचा निदान धरतो तरी.
हवेला ना लंगोट ना मान, धरायचं कुठं?
आणि आमचा अंगठा
तांदळाएवढा हलायचा फक्त,
तेवढ्यात तिकडं माणूस दोन गच्च्या ओलांडून जायचा.
ते काय सोपं होतं, लका?
त्याला आम्ही शाळा बुडवल्या.

मी पोरांच्याच बाजूनं.
जिद्दीनं सोळाच्या सोळा दुरुस्त केले.

शीतल चौगुले मागच्या बाकावर असायचा.
पेनल्टीला त्याच्यापुढं एके काळी कोणी टिकत नसे.
मग उद्यमनगरात पॉवर प्रेस खाली आली
जराशी आधी.
उजव्या हाताला करंगळी राहिली, आणि तिची शेजारीण.
दोन वर्षं तो नुसता बघायला येई.
वीस रुपये मी घेत नव्हतो,
तो गल्ल्यावर ठेवून जायचा.

एका मंगळवारी दुपारी दुकान रिकामं होतं.
"लावा की ते," म्हणाला.
कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.
यंत्रानं त्याची बोटं मोजली नाहीत.
पडद्यावर त्याला दोन धड हात आले,
त्यांच्याकडं तो बघतच राहिला,
समोरून दोन गोल गेले तरी.
मग खेळला.
असा खेळला की छातीवर, कोपरावर, कपाळावर बॉल घेतले
आणि शेवटी दम लागून खाली बसला.
मी मनात म्हटलं, हरलो आपण.
आता कुठल्या तोंडानं तक्रार करायची?

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "भारी हाय."
बाटलीचं टोपण लावायला त्याला वेळ लागतो.
ते लावून मग म्हणाला,
"पण मामा, ह्यात
सगळ्यांचाच अंगठा गेल्यागत वाटायलंय."

टेबलावरचा सात नंबर त्यानं उचलला,
मांडीवर टेकवला, डाव्या हातानं धरला,
उजवी दोन बोटं बटणांवर नेऊन दाबलं.
टीव्ही बंद होता. तरी पुन्हा दाबलं.
"त्याची काडी सरकते," मी म्हटलं, "दुसरा देतो."
"ऱ्हाऊ दे," म्हणाला.

कॅमेरा मी काढला नाही.
संध्याकाळी सहा ते सात तो शीतलचा,
आणि वीस रुपये आता मी घेतो.
पण काल गुजरीतनं बारीक तार आणलीय,
सात नंबर उघडून ठेवलाय बशीत, स्क्रू वेगळे.
करंगळी पोचते कुठवर,
त्याची खूण करायला तो उद्या येणार आहे.