अकरा पॉइंट आठ

पहाटे तीनला पंखा कण्हायला लागला.
सिलिंडरमध्ये गॅस भरपूर,
पण ऊब आत ढकलायला
बॅटरीच लागते.
व्हर्लिनने टॉर्च मारला : अकरा पॉइंट आठ.

बाहेर उणे सव्वीस. मिनेसोटातलं तळं
बर्फाखालून मधूनच हुंकार देतंय.

"जनरेटर पायरीशीच ठेवतो," तो म्हणाला.
आर्लिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
तिचा भाऊ असाच झोपला होता एकदा
बंद कॅम्परमध्ये,
गालांवर छान लाली घेऊन.

मग गेला तो, बुटांच्या नाड्या लोंबत,
वायर संपेपर्यंत,
वारा जिकडे पळत होता तिकडे.

पंखा सुरात आला.
तिने खिडकी बोटभर उघडी ठेवली
आणि त्याचे लाकडासारखे पाय
आपल्या पोटऱ्यांत घेतले,
शिव्या देत.