डावीकडे, शेवटपर्यंत

गाडी वळताना कण्हायची, म्हणून शनिवारी
गॅरेजचं दार वर करून जॅक लावला.
पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून चार बोटं वर.
थंडर बेला एप्रिलातही बर्फ,
अंगणाच्या कडेला काळा पडलेला.

टर्कीवर रस सोडायची ती रबरी फुग्याची नळी
आईच्या ड्रॉवरमधून न विचारता आणली.
विचारणार कुणाला.
टाकीत बुडवली, दाबली, सोडली.
लाल असायला हवं ते तेल
उकळून उकळून कडू झालेल्या कॉफीसारखं.
कॉफीच्याच डब्यात ओतलं.

नवं भरलं, खुणेपर्यंत. इंजिन चालू.
"बाबा, डावीकडे. शेवटपर्यंत. आता उजवीकडे."

टाउनो कोस्केला, वय एक्याऐंशी,
चाळीस वर्षं ओंडक्यांचे ट्रक चालवलेला माणूस,
मार्चमध्ये डॉक्टरच्या एका पत्रावर ज्याचं लायसन गेलं,
टोपी घालून, पट्टा लावून बसला होता.

चाकं हवेत वळत होती.
टाकीत बुडबुडे. मग कमी. मग एखादाच.
तिसऱ्यांदा काढलं, भरलं.
तेल चेरीसारखं लाल, कण्हणं बंद.

तेवढ्यात टिकटिक ऐकू आली.
बॉनेटच्या फटीतून पाहिलं:
वळायच्या आधी तो इंडिकेटर देत होता,
आरसा बघत होता,
आणि समोरच्या फळीवरल्या रंगाच्या डब्यांना
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून
ओळख देत होता.

"झालं का?"
झालं होतं.
"अजून थोडं," मी म्हटलं. "उजवीकडे."